हॉर्मोन-ग्राही परीक्षण, स्तन-कर्करोगातील

स्तनातील गाठीच्या ऊतकात ईस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनांना जोडून घेणारी ग्राही प्रथिने (रिसेप्टर; अनुक्रमे ईआर व पीआर) आहेत की नाहीत, हे पाहण्याची पद्धत. ईस्ट्रोजेनला अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळीचा उपयोग होईल की नाही, हे मुख्यतः यावरून ठरवतात.

बीजकोश काढल्यावर स्तनातील गाठ ओसरते, हे जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये नोंदवले. कारण उलगडले ते एल्वुड जेन्सन यांनी शिकागोत ट्रिटियमयुक्त (किरणोत्सर्गी हायड्रोजन असलेले) ईस्ट्रॅडिऑल हे ईस्ट्रोजेन वापरून त्याचे ग्राही प्रथिन दाखवल्यावर. हा शोध कोणी १९५८ चा, तर कोणी १९६२ चा मानतात. सविस्तर निबंध १९६२ चा असल्याने ते वर्ष धरणे अधिक सयुक्तिक.

ग्राही प्रथिन पेशीत नेमके कोठे असते, याबद्दल बराच काळ मतभेद होते. ऊतक वाटून केलेल्या तपासणीत ते पेशीद्रवात सापडे. हॉर्मोन जोडले गेले की ते केंद्रकात शिरते, असे १९६८ च्या सुमारास मांडले गेले. १९८४ मध्ये दोन गटांनी ते मुळातच केंद्रकात असल्याचे दाखवले. ऊतक वाटताना ते बाहेर झिरपत होते. आता हेच मत ग्राह्य धरतात व केंद्रक रंगले तरच ईआर मोजतात. त्याच दशकात ‘ईआर-डी५’ या प्रतिपिंडाने पेशीद्रवातील पी-२९ हे ‘ग्राहीसंबद्ध’ प्रथिन दाखवले जाई. ते पुढे एचएसपी-२७ हे उष्णतेसारख्या ताणात पेशीत वाढणारे (हीट-शॉक) वेगळेच प्रथिन ठरले. जुन्या निबंधांतील डी५ चे निष्कर्ष म्हणूनच ईआरचे समजू नयेत.

हल्ली ‘आयएचसी’ (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे प्रतिपिंडाने ऊतक रंगवणे) करतात: ऊतक बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉनचा काप, उष्णतेने प्रतिजन (येथे ग्राही प्रथिन) मोकळे करणे, त्याला चिकटणारे प्रतिपिंड, मग रंग. ग्राही असलेले केंद्रक तपकिरी, नसलेले निळे दिसते. १ टक्का केंद्रके रंगली तरी निकाल पॉझिटिव्ह. ईआरच्या बाबतीत १ ते १० टक्क्यांना २०२० पासून ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात.

नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), तुकडोजी कर्करोग रुग्णालय व जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे विदर्भातून व छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात. कित्येकदा गाठ गावाजवळच काढलेली असते आणि गाठीची बरणी मागाहून येते. तुकडा तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (ऊतक टिकवणाऱ्या द्रवात) पडावा, तेथे ६ ते ७२ तास राहावा. मोठी गाठ न चिरता तशीच टाकली, तर फॉर्मॅलिन आतपर्यंत पोचत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना कोरड्या डब्यात राहिलेल्या तुकड्यातील प्रथिने लवकर नासतात. अशा चुकीने एखाद्या बाईची साधी, स्वस्त गोळी हुकू शकते. त्यामुळे काप पाहताना आधी गाठीशेजारची निरोगी दुग्धनलिका शोधावी. तिच्या काही पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात. त्याही निळ्याच असतील, तर ‘निगेटिव्ह’ न लिहिता दुसऱ्या ब्लॉकवर तपासणी पुन्हा करावी.