डिस्कमागोमाग चाललेल्या आवृत्त्या : सीपी/एम १.४ ते एमएस-डॉस ५

एकाच नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या दोन आवृत्त्यांत नेमका फरक काय, हा प्रश्न जुन्या संगणकांच्या फ्लॉपी जतन करणाऱ्यांना वारंवार पडतो, कारण हातातली फ्लॉपी वाचता येईल की नाही हे त्याच्या उत्तरावर ठरते. आयबीएमच्या पीसी-डॉस २.० ने नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली फ्लॉपी १.१ ला वाचता येत नाही, आणि एका कंपनीच्या यंत्रासाठी बनवलेली एमएस-डॉस २.११ दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर सुरूच होत नाही. क्रमांक वाढला म्हणजे सोयी वाढल्या, असे सरधोपट उत्तर सहसा दिले जाते. १९७४ ते १९९१ या काळातला क्रम नीट लावून पाहिला तर ते अपुरे पडते. यातल्या बहुतेक महत्त्वाच्या आवृत्त्या नव्या डिस्कची सोय लावण्यासाठी निघाल्या, आणि त्यांत जे बदलता आले नाही ते आधीच्या आवृत्तीवर विसंबून लिहिलेल्या प्रोग्रामांमुळे तसेच राहिले.

सुरुवात सीपी/एमपासून करावी लागते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे अमेरिकी नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात शिकवणारे गॅरी किल्डॉल हे इंटेल कंपनीचे सल्लागारही होते. इंटेलच्या मायक्रोप्रोसेसरसाठी त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली होती आणि तिच्याच आधारे १९७४ मध्ये आठ इंची फ्लॉपीवर फायली ठेवणारी एक लहानशी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली. हीच सीपी/एम. शुगार्ट कंपनीचा ड्राइव्ह संगणकाला जोडणारा कंट्रोलर त्यांचे मित्र जॉन टोरोड यांनी बांधून दिला. पुढे इमसाय कंपनीला तिच्या यंत्रासाठी ही सिस्टीम हवी झाली, तेव्हा किल्डॉल यांनी यंत्रागणिक बदलणारा सगळा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटले. उरलेला भाग सर्व यंत्रांवर तसाच चालावा, ही त्यामागची कल्पना. माझ्या मते लहान संगणकांच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा निर्णय आहे, कारण त्यामुळेच एका प्रोग्रामला शेकडो निरनिराळ्या यंत्रांची बाजारपेठ मिळाली.

मात्र आवृत्ती १.४ पर्यंत ही विभागणी अर्धवटच होती. डिस्कचा आकार मूळ भागातच कोरलेला होता : आठ इंची, एका बाजूची फ्लॉपी, ७७ ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, प्रत्येक ट्रॅकवर २६ सेक्टर म्हणजे तुकडे आणि प्रत्येक सेक्टरमध्ये १२८ बाइट, म्हणजे एकूण २,५६,२५६ बाइट. वेगळ्या मापाची डिस्क जोडायची तर सिस्टीमच्या पोटात हात घालावा लागे. १९७९ मध्ये आलेल्या २.० ने ही मापे मूळ भागातून काढून बायोसमधल्या एका तक्त्यात नेली. तक्ता बदलला की सिस्टीम नव्या डिस्कला सरावत असे, आणि एका ड्राइव्हची मर्यादा ८ मेगाबाइटपर्यंत गेली. तिचीच सुधारलेली आवृत्ती २.२ पुढे आठ बिटांच्या यंत्रांवर सर्वदूर पसरली.

या मोकळीकीची किंमतही मोजावी लागली. सव्वापाच इंची फ्लॉपी आल्या तेव्हा प्रत्येक उत्पादकाने आपापला तक्ता भरला. ऑसबोर्न आणि केप्रो ही दोन्ही यंत्रे २.२ च चालवत, पण एकाची फ्लॉपी दुसऱ्याला सरळ वाचता येत नसे. प्रोग्राम दोन्हीकडे चाले, तो तिथपर्यंत न्यायचा कसा हाच प्रश्न असे. आज सीपी/एमच्या फ्लॉपीची प्रत काढताना आवृत्तीच्या क्रमांकापेक्षा यंत्राचे नाव आधी विचारावे लागते, ते यामुळेच.

डॉसचा जन्म सीपी/एमच्या उशिरामुळे झाला. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीने ८०८६ प्रोसेसरचे कार्ड तयार केले होते, परंतु त्यासाठी लागणारी सीपी/एम-८६ वेळेत येत नव्हती. म्हणून टिम पॅटरसन यांनी एप्रिल १९८० मध्ये स्वतःच ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. आठ बिटांचे प्रोग्राम थोड्या कष्टात नव्या प्रोसेसरवर आणता यावेत, यासाठी त्यांनी प्रोग्राम आणि सिस्टीम यांच्यातला व्यवहार सीपी/एमसारखाच ठेवला. आठ अधिक तीन अक्षरांची फाइलची नावे, ए आणि बी ही ड्राइव्हची अक्षरे, सोळाआकडी पद्धतीतल्या १०० या पत्त्यापासून सुरू होणारे कॉम प्रोग्राम, मजकुराच्या शेवटी कंट्रोल-झेड, हे सारे तिकडून आले. कंट्रोल-झेडचे कारण तर थेट १.४ च्या डिस्कपर्यंत जाते. सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या पटीतच मोजत असे, त्यामुळे मजकूर खरोखर कुठे संपला हे सांगायला खूण लागे. पॅटरसन यांच्या सिस्टीममध्ये लांबी बाइटपर्यंत अचूक नोंदली जात होती, तरी खूण राहिली.

डिस्कवरची मांडणी मात्र पॅटरसन यांनी निराळी निवडली. सीपी/एममध्ये फाइलचे तुकडे कुठे आहेत हे डिरेक्टरीतल्या नोंदीतच लिहिलेले असते, आणि फाइल मोठी झाली की तिला आणखी एक नोंद लागते. पॅटरसन यांनी फॅट नावाचा स्वतंत्र तक्ता घेतला, ज्यात प्रत्येक तुकड्यापुढे पुढच्या तुकड्याचा क्रमांक असतो. ही कल्पना मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडोनल्ड यांनी १९७७ मध्ये डिस्क बेसिक या भाषेसाठी आठ बिटांच्या रूपात वापरली होती; पॅटरसन यांनी ती बारा बिटांची केली. मायक्रोसॉफ्टने ८६-डॉस या नावाने ओळखली जाणारी ही सिस्टीम आधी परवान्यावर घेतली आणि जुलै १९८१ मध्ये तिचे सर्व हक्क विकत घेतले.

या काळातले फरक आज अंदाजाने सांगावे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टने डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ कोड २०१४ मध्ये अमेरिकेतील संगणक इतिहास संग्रहालयामार्फत खुला केला, आणि १.२५ च्या फाइलच्या माथ्यावर पॅटरसन यांनी ठेवलेली बदलांची नोंदवही जशीच्या तशी आहे. ०.४२ समोर २५ फेब्रुवारी १९८१ ही तारीख असून डिरेक्टरीची नोंद ३२ बाइटची केल्याचा उल्लेख आहे. १.२० समोर ३१ डिसेंबर १९८१ ही तारीख आहे आणि फाइलच्या नोंदीत वेळ जोडल्याचे लिहिले आहे. ३ मार्च १९८२ च्या १.२५ मध्ये डिरेक्टरीच्या शेवटी शून्याची खूण ठेवली, म्हणजे शोध घेताना रिकाम्या जागा चाळत बसावे लागू नये. एकेका ओळीच्या या नोंदी कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगतात, आणि त्या टिकल्या याचा मनापासून आनंद वाटतो.

आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला आणि त्याच्याबरोबर पीसी-डॉस १.०, म्हणजे याच सिस्टीमचे आयबीएमच्या नावाने आलेले रूप; इतर उत्पादकांना मायक्रोसॉफ्ट तीच एमएस-डॉस या नावाने देई. तिला एकच डिस्क माहीत होती : एका बाजूची, ४० ट्रॅक, ट्रॅकवर ८ सेक्टर, सेक्टरमध्ये ५१२ बाइट, एकूण १६० किलोबाइट. डिरेक्टरीत ६४ फायलींपुरतीच जागा होती. फाइलपुढे तारीख दिसे, वेळ दिसत नसे. मे १९८२ च्या १.१ ने दोन्ही बाजूंच्या ३२० किलोबाइटच्या फ्लॉपी आणल्या आणि फाइलपुढे वेळही दाखवली. डेट आणि टाइम हे १.० मध्ये स्वतंत्र प्रोग्राम होते, ते १.१ मध्ये कमांड.कॉममध्येच, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा वाचून अमलात आणणाऱ्या प्रोग्राममध्येच आले. याच सुमाराची एमएस-डॉस १.२५ मायक्रोसॉफ्टने इतर उत्पादकांना दिली.

खरी उडी मार्च १९८३ ची, पीसी-डॉस २.० ची. आयबीएमच्या पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. ६४ किंवा ११२ फायलींची एकच सपाट यादी फ्लॉपीला पुरत असे. हार्ड डिस्कवर शेकडो फायली एकाच यादीत ठेवणे म्हणजे त्या हरवण्याचीच व्यवस्था. म्हणून डिरेक्टरीत डिरेक्टरी आली. तिच्यासोबत युनिक्सच्या वळणाची बरीच सामग्री आली, कारण मायक्रोसॉफ्ट तेव्हा झेनिक्स ही युनिक्सची आवृत्तीही विकत होती : फाइल हँडल म्हणजे उघडलेल्या फाइलला मिळणारा क्रमांक, एका प्रोग्रामचे उत्तर दुसऱ्याकडे वळवणारे पाइप, आणि सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस या फाइलमधून चढवता येणारे ड्रायव्हर. फ्लॉपीवर आठाऐवजी नऊ सेक्टर बसवून १८० आणि ३६० किलोबाइट मिळवले गेले. जुन्या पद्धतीची आठ सेक्टरची फ्लॉपी हवी असल्यास फॉरमॅट आज्ञेपुढे /८ लिहायची सोय ठेवली, म्हणजे १.१ वाल्यांना ती देता येत असे.

उलट्या तिरक्या रेघेची गोष्टही इथलीच. युनिक्समध्ये डिरेक्टरीची नावे तिरक्या रेघेने जोडतात, पण डॉसमध्ये ती रेघ १.० पासून आज्ञेच्या पर्यायांसाठी वापरली जात होती. फॉरमॅट /एस असे लिहिले की फ्लॉपीवर सिस्टीमही जाई. ती सवय आणि तिच्यावर बेतलेल्या बॅच फायली, म्हणजे आज्ञांच्या तयार याद्या, मोडणे शक्य नव्हते, म्हणून मार्गासाठी, म्हणजे डिरेक्टरींची नावे जोडण्यासाठी, उलटी रेघ घेतली. सिस्टीमचा गाभा दोन्ही रेघा समजून घेत असे. अडत होते ते कमांड.कॉमपाशी.

त्याहून मोठी अडचण जुन्या प्रोग्रामांची होती. सीपी/एमच्या पद्धतीने फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामाला मार्ग सांगायची जागाच नव्हती, त्याला फक्त चालू डिरेक्टरी दिसे. वर्डस्टारच्या ३.३ पर्यंतच्या आवृत्त्या अशाच होत्या. अशा प्रोग्रामांसाठी डॉस ३.१ मध्ये सब्स्ट ही आज्ञा आली, जी एखाद्या डिरेक्टरीला ड्राइव्हचे अक्षर देते. मूळ ड्राइव्ह म्हणजे फ्लॉपी समजणाऱ्या प्रोग्रामाची समजूत कायम ठेवून त्याच्याकडून हार्ड डिस्कवर काम करून घेण्याचा हा मार्ग होता.

१९८४ ची ३.० आयबीएमच्या पीसी-एटी या संगणकासाठी निघाली. बारा बिटांच्या फॅटमध्ये सुमारे चार हजार तुकडेच मोजता येतात. २० मेगाबाइटची डिस्क तेवढ्यात बसवायची तर तुकडा ८ किलोबाइटचा करावा लागतो आणि दहा ओळींचे पत्रही तेवढी जागा अडवते. सोळा बिटांचा फॅट घेतल्यावर तुकडा २ किलोबाइटवर आला. तरीही सेक्टरांची संख्या सोळा बिटांतच मोजली जात असल्याने ६५,५३६ गुणिले ५१२, म्हणजे ३२ मेगाबाइट, ही भिंत राहिली. ३.२ साडेतीन इंची ७२० किलोबाइटच्या फ्लॉपीसाठी आली. एप्रिल १९८७ च्या ३.३ ने १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी आणि एका डिस्कचे अनेक विभाग करण्याची सोय दिली. कॉम्पॅकने त्याच वर्षी आपल्या ३.३१ मध्ये ३२ मेगाबाइटची भिंत ओलांडली, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांच्या ४.० च्या आधी. तेव्हा ३.३० आणि ३.३१ यांतला शेवटच्या आकड्याचा फरक किरकोळ समजू नये.

३.३ मध्ये कोड पेजही आली, म्हणजे युरोपीय भाषांची चिन्हे बदलून घेता येऊ लागली. देवनागरीला त्यातून काही मिळाले नाही, कारण जोडाक्षरांची घडण २५६ ठरावीक चिन्हांच्या चौकटीत बसत नाही. ती उणीव जिस्ट कार्डाने भरून काढली. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये पूर्णत्वाला गेले, आणि डॉसच्या मजकुराच्या पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या.

क्रमांकाने फसवणूक कशी होते, याची आणखी उदाहरणे आहेत. ५.० च्या आधी मायक्रोसॉफ्ट डॉस किरकोळीने विकत नसे. उत्पादक कंपन्या ती घेऊन आपल्या यंत्राप्रमाणे आयओ.सिस हा भाग लिहीत. डेक कंपनीचा रेनबो आणि टँडी २००० ही दोन्ही एमएस-डॉस चालवणारी यंत्रे होती, परंतु आयबीएमच्या पडद्याच्या स्मृतीत थेट लिहिणारे प्रोग्राम त्यांवर अडखळत. आयबीएमच्या फ्लॉपीवर हा भाग आणि सिस्टीमचा गाभा यांची नावे अनुक्रमे आयबीएमबायो.कॉम आणि आयबीएमडॉस.कॉम अशी असतात, आणि ओळख पटवायला ती खूण उपयोगी पडते. ४.० या क्रमांकाच्या तर दोन सर्वस्वी वेगळ्या सिस्टीम आहेत : एक १९८६ ची, एका वेळी अनेक कामे करणारी, युरोपातील मोजक्या उत्पादकांना दिलेली, दुसरी १९८८ ची, सर्वांना ठाऊक असलेली. ओळख पटवण्याचा भरवशाचा उपाय कमांड.कॉमचा आकार पाहणे हा आहे. पीसी-डॉस १.० मध्ये ती फाइल ३,२३१ बाइटची होती, १.१ मध्ये ४,९५९, २.० मध्ये १७,६६४, ३.३ मध्ये २५,३०७ आणि एमएस-डॉस ५.० मध्ये ४७,८४५.

जून १९९१ ची ५.० ही पहिल्यांदा डिस्कपेक्षा मेमरीकडे पाहून केलेली मोठी आवृत्ती. ४.० ने मेमरीचा बराच भाग व्यापल्याची तक्रार होती, आणि किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीची डीआर-डॉस ५.० वर्षभर आधी बाजारात आली होती. एमएस-डॉस ५ ने आपला बराचसा भाग पहिल्या मेगाबाइटच्या लगेच वर असलेल्या ६४ किलोबाइटच्या पट्ट्यात नेला. पण आवृत्ती विचारण्याची जी सोय २.० मध्ये दिली होती तिचा आता अडसर झाला. कित्येक प्रोग्राम सुरू होताना क्रमांक विचारत आणि ओळखीचा नसला तर आवृत्ती चुकीची असल्याचे सांगून बंद पडत. म्हणून ५.० मध्ये सेटव्हर हा प्रोग्राम आला. त्याच्या तक्त्यात प्रोग्रामचे नाव आणि त्याला कोणता क्रमांक सांगायचा हे लिहिलेले असते, आणि डॉस तेच उत्तर देते. हा तक्ता खोक्यातून काही नावे भरूनच येई, आणि त्यांत मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे वर्ड व एक्सेल हे विंडोजवरचे प्रोग्रामही होते, दोन्हींपुढे ४.१० हा क्रमांक लिहिलेला.