काळ्या दगडांच्या मुलखात अशनी शोधताना

सिन्नरच्या पलीकडे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरी ओसरीवर गोणपाटात गुंडाळलेला एक दगड माझी वाट बघत होता. नांगरटीत निघालेला, काळा, हाताला जड. त्यांच्या पुतण्याने ऑनलाइन मागवलेला मेटल डिटेक्टर त्याच्यावर धरला की यंत्र किंचाळायचं. चुंबकही चिकटत होतं. "सर, उल्काच आहे ना? मोबाइलवर दाखवतात, ग्रॅमला हजारो रुपये," काका म्हणाले.

आधी शब्दांचं बघू. आकाशात जळताना दिसते ती उल्का. जळून संपली नाही आणि जमिनीवर पोचली, तर तो अशनी. तेव्हा ओसरीवर असलाच तर अशनी होता.

डिटेक्टरचं काम तसं साधं. दांड्याच्या टोकाला असलेल्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलती वीज सोडली की खाली बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरायला लागतात, आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र थाळीला परत जाणवतं. यंत्र ओरडतं ते यामुळे. लोखंडासारखा चुंबकीय पदार्थ विजेच्या प्रवाहाशिवायही क्षेत्रात ढवळाढवळ करतो.

पडताना पाहिलेल्या अशनींमध्ये निव्वळ लोह-निकेलचे शंभरात पाचएकच. बाकी बहुतेक दगडी. पण त्यातल्याही बऱ्याचशांत लोह-निकेलचे बारीक चमकते कण विखुरलेले असतात, म्हणून डिटेक्टर त्यांनाही ओळखू शकतो. गंमत अशी, की नाणी शोधणारे लोक खिळे टाळण्यासाठी यंत्रातली लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवतात. अशनी शोधणाऱ्याला ती बंद ठेवावी लागते, नाहीतर ज्याच्यासाठी उन्हात वणवण करायची त्यालाच यंत्र गाळून टाकतं. मग प्रत्येक खिळा, नाल आणि बाटलीचं झाकण उकरत बसायचं.

नाशिकमध्ये हा धंदा आणखी अवघड. इथली जमीन म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, आणि त्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असतं. काळा, जड, चुंबकाला ओढणारा दगड अशी अशनीची लोकप्रिय ओळख घेऊन इथे फिरलात, तर त्र्यंबकपासून येवल्यापर्यंत प्रत्येक बांधावर अशनी सापडेल. यंत्राला 'ग्राउंड बॅलन्स' करून मातीचा गोंगाट दाबता येतो, पण सुटा खडा मध्येच वेगळा आवाज काढतोच. डिटेक्टरवाले अशा दगडाला 'हॉट रॉक' म्हणतात. इथे सगळा तालुकाच हॉट रॉक.

बरं, माणसांनी घातलेली भर वेगळी. द्राक्षबागेत डिटेक्टर चालवून बघा एकदा! मांडवाचे लोखंडी अँगल, तारा, ताणाच्या खुंट्या, बांधणीतून गळलेले तारेचे तुकडे. यंत्र गप्प बसतच नाही. जुन्या लोहारशाळेच्या जागी लोहकीट, म्हणजे भट्टीत लोखंडातून सुटलेली मळी, निघते, ती तर अशनीची सख्खी बहीण वाटावी इतकी फसवी: काळी, जड, वितळून गोठलेली. पण तिच्यात बुडबुड्यांची भोकं असतात. अशनीत ती जवळजवळ कधीच नसतात.

म्हणूनच यंत्र घेऊन हिंडणारे सहारा, चिलीतलं आताकामा असल्या वाळवंटांत जातात. तिथे फिक्या जमिनीवर काळा दगड लांबून दिसतो, आणि पाऊस नसल्याने हजारो वर्षं टिकतो. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसात अशनीतलं लोखंड गंजतं, दगड भुसभुशीत होतो. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि लहानसहान वस्तू गिळून टाकते. लोणारचंच घ्या. अशनीच्या धडकेने बेसाल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर झालं, पण त्या अशनीचा हातात धरावा असा तुकडा आजवर मिळालेला नाही.

आपल्याकडे अशनी मिळतात ते बहुधा कोणीतरी पडताना पाहिले किंवा ऐकले म्हणून. 1843 मध्ये खानदेशात मानेगावला पडलेला, 22 मे 2012 रोजी नागपूरजवळ काटोल भागात पडलेले तुकडे, 17 ऑगस्ट 2022 रोजी गुजरातमध्ये दियोदर तालुक्यात पडलेला, हे तिन्ही असेच. दियोदरच्या वेळी रांटीला गावात एका घराच्या ओसरीची फरशी फुटली. तो अशनी ऑब्राइट नावाच्या अतिशय दुर्मीळ जातीचा निघाला. त्यातलं मुख्य खनिज एन्स्टाटाइट, आणि त्यात लोह जवळजवळ नसतं. शेतात पडला असता तर डिटेक्टर त्याच्यावरून हूं की चूं न करता गेला असता.

आता मालकी. अमेरिकेत आयोवा राज्यात 2 मे 1890 रोजी पडलेल्या एका अशनीवरून खटला झाला होता. एकाने दुसऱ्याच्या जमिनीतून तो खणून काढला आणि 105 डॉलरला विकला. 1892 मध्ये आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अशनी जमिनीचा भाग झाला, म्हणजे जमीनमालकाचा. तिकडचे इंटरनेटवरचे सल्ले या परंपरेतून येतात आणि आपल्याकडची पोरं ते इथे लावतात. इथला हिशेब वेगळा आहे. भारतात पडलेल्या अशनींची संरक्षक संस्था आहे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआय. त्यांचा अशनींचा संग्रह कोलकात्यात आहे. 'माझ्या वावरात पडला, मी विकणार' असं गृहीत धरू नये. तहसीलदारांना किंवा पोलीस पाटलांना कळवावं, हा सरळ मार्ग.

डिटेक्टरवाल्याने 1878 चा निखात निधी कायदाही वाचून ठेवावा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद. मालक सापडला नाही आणि सरकारने ठेवून घेतलं नाही, तर इतर काही ठरलेलं नसल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक जागेच्या मालकाला. हा कायदा पुरलेलं धन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय, अशनीला तो लागू होतो का यावर वकील भांडू शकतील. पण नाशिक जिल्ह्यात यंत्राला अशनीपेक्षा नाणी लागण्याचीच शक्यता जास्त, हे मात्र ध्यानात ठेवा. 1906 मध्ये जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली होती, त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. आणि पांडवलेण्यांसारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात यंत्र घेऊन खणायला तर जाऊच नये.

आकाशातून पडलेल्या सगळ्याच गोष्टींना एकच न्याय नाही. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी जळत जाणारी रांग पाहिली. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला पडलेलं मोठं धातूचं कडं चिनी रॉकेटचं असल्याचं तज्ज्ञांचं म्हणणं. अशा अवशेषांवर 1967 च्या अंतराळ करारानुसार ते सोडणाऱ्या देशाचीच मालकी राहते. अशनी कुणी सोडलेला नसतो, म्हणून एवढे प्रश्न.

ताजा अशनी मिळालाच तर एक विनंती: चुंबक लावू नका. दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद असू शकते. जोरदार चुंबकाने ती क्षणात पुसते. जागेचा फोटो काढा, स्वच्छ फॉइलमध्ये गुंडाळा, आणि उशीर करू नका. अंतराळात वैश्विक किरणांनी त्यात तयार झालेली काही किरणोत्सारी मूलद्रव्यं लवकर संपतात. सोडियम-24 दर 15 तासांनी निम्मं होतं.

काकांच्या दगडाला चुंबक आधीच लागून गेलं होतं, त्यामुळे मी साधा उपाय केला. कांदे तोलायचा लटकता काटा आणला. दगड हवेत 3.2 किलो, बादलीतल्या पाण्यात बुडवून धरला तर 2.1. घट 1.1 किलो, म्हणजे घनता पाण्याच्या सुमारे 2.9 पट. लोह अशनी असता तर घट जेमतेम 400 ग्रॅम भरली असती. मग एका कोपऱ्यावर कानस मारली: चमकते कण नाहीत, सगळं करडं. उलट्या बाजूला वाटाण्याएवढी पोकळी होती, तिच्यात पांढऱ्या सुया बसलेल्या. झिओलाइट. वायूच्या बुडबुड्याच्या जागी गरम पाण्याने आणून भरलेलं, सिन्नरच्या खाणींमधून हवं तेवढं मिळणारं.

"बेसाल्ट आहे, काका."

ते दगडाकडे थोडा वेळ बघत बसले. "बरं झालं," म्हणाले, "नाहीतर कलेक्टर ऑफिसच्या चकरा मारायला लागल्या असत्या." पुतण्याने मात्र डिटेक्टर उचलला आणि तो विहिरीकडच्या बांधावर गेला. मी चहा संपेपर्यंत तिकडून तीनदा आवाज आला.