लायब्ररीचे अद्ययावतीकरण (मुक्तस्रोत प्रकल्पांतील)

मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो असा) सॉफ्टवेअर प्रकल्प ज्या तयार कोडवर उभा असतो, त्याची जुनी झालेली आवृत्ती काढून नवी बसवणे आणि त्यानंतरही प्रकल्प पूर्वीइतकीच बिनचूक उत्तरे देतो याची खातरजमा करणे, या कामाला लायब्ररीचे अद्ययावतीकरण म्हणतात. प्रोग्रामर बोलताना त्याला ‘डिपेन्डन्सी अपग्रेड’ किंवा नुसते ‘अपग्रेड’ म्हणतात. येथे लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. तारखांचा हिशेब, नकाशावरील बिंदूंचे रूपांतर, देवनागरी जोडाक्षरांची जुळणी अशी कामे करणारा आणि अनेक प्रकल्पांना वापरता यावा म्हणून वेगळा ठेवलेला कोड म्हणजे लायब्ररी. प्रकल्प जिच्यावर विसंबून असतो ती त्याची डिपेन्डन्सी. आवृत्तीचा आकडा बदलायला एक ओळ पुरते. खरे कष्ट खातरजमेत आहेत, आणि या कामाचे मोलही त्यातच आहे.

आवृत्तीचा आकडा बहुधा तीन भागांचा असतो. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेल्या आणि २०१३ मध्ये २.०.० या रूपात स्थिरावलेल्या ‘सिमॅन्टिक व्हर्जनिंग’ या संकेतानुसार पहिला भाग वाढला की जुना कोड मोडू शकतो, दुसरा वाढला की नवी सोय आलेली असते आणि तिसरा वाढला की केवळ दोषदुरुस्ती झालेली असते. हा संकेत लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे. तो पाळला गेला की नाही हे वापरणाऱ्यालाच तपासावे लागते.

लायब्ररी जुनी होते म्हणजे तिचा कोड झिजतो असे नाही. तिच्या भोवतीचे बदलते. पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेचा आधार, म्हणजे तिला मिळणाऱ्या दुरुस्त्या, १ जानेवारी २०२० रोजी संपला. नकाशे तयार करण्याचे क्यूजीआयएस हे मुक्तस्रोत साधन फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० या आवृत्तीला पोहोचले, तेव्हा ते क्यूटी या खिडक्या-बटणे दाखवणाऱ्या लायब्ररीच्या ४ या आवृत्तीवरून ५ वर आणि पायथन २ वरून पायथन ३ वर गेले, आणि त्यासाठी लिहिलेली पायथनमधील प्लगिन्स, म्हणजे जोड-प्रोग्राम, नव्याने जुळवून घ्यावी लागली.

हा विषय विदर्भाच्या खेड्यांत अगदी जवळून दिसतो तो या नकाशांमुळेच. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्काचा दावा करताना ग्रामसभेला आपल्या पारंपरिक हद्दीचा नकाशा जोडता येतो. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला असा हक्क २००९ मध्ये मिळाला. शिवेवरून जीपीएस घेऊन फिरायचे, नाला, टेकडी, जुनी खूण असे बिंदू नोंदवायचे आणि ते मोफत साधनात उतरवून क्षेत्रफळ काढायचे, असे हे काम असते. त्यासाठी कोणी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहितो, तो इतरांसाठी खुला करतो, आणि काही वर्षांत त्याच्या पोटातील लायब्ररी जुनी होते.

या कामातली एक लायब्ररी दुसरीवर आणि दुसरी तिसरीवर टेकलेली असते. क्यूजीआयएस हे नकाशांच्या फाईली वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या जीडाल या लायब्ररीवर आणि जीडाल ही बिंदूंचे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर करणाऱ्या प्रोज या लायब्ररीवर अवलंबून आहे. भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, जेथे एकाखाली एक बांधलेले आहेत तेथे वरच्या तलावाचा सांडवा बदलला तर खालच्या बांधीतल्या धानापर्यंत फरक पडतो. येथेही तसेच घडते. मे २०१९ मध्ये आलेल्या जीडाल ३.० ला त्याच वर्षी मार्चमध्ये आलेली प्रोज ६ ही आवृत्ती आवश्यक झाली. प्रोजची जुनी जोडणी (इतर प्रोग्राम तिला ज्या मार्गे वापरतात तो भाग) सहाव्या आवृत्तीत ‘यापुढे वापरू नये’ म्हणून नोंदवली गेली आणि २०२१ मधील आठव्या आवृत्तीत काढून टाकली गेली. म्हणजे इशारा आणि प्रत्यक्ष काढणे यांत दोन वर्षांचा अवधी होता. हा अवधी ज्यांनी वापरला त्यांचे काम सोपे गेले.

जीडाल ३ मधील एक बदल मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे. अक्षांश-रेखांशांच्या ४३२६ या क्रमांकाच्या संदर्भ-पद्धतीत अधिकृत क्रम आधी अक्षांश, मग रेखांश असा आहे. जीडाल २ पर्यंत हा क्रम बाजूला ठेवून नकाशाकारांच्या सवयीप्रमाणे आधी रेखांश घेतला जाई. तिसऱ्या आवृत्तीपासून अधिकृत क्रम पाळला जाऊ लागला. धानोऱ्याजवळचा बिंदू सुमारे २०.३ अंश उत्तर आणि ८०.३ अंश पूर्व असा धरू. जुना प्रोग्राम ८०.३ आधी देतो. नवी लायब्ररी त्यालाच अक्षांश समजते, आणि गडचिरोलीचे जंगल आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांपाशी जाऊन पडते. प्रोग्राम थांबत नाही, चूक झाल्याचा संदेशही येत नाही. उलट तो क्षेत्रफळही काढून देतो. पण ध्रुवाजवळ रेखांशांमधले अंतर आकसलेले असल्यामुळे ते खऱ्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाहूनही थोडे कमी भरते. पाचशे हेक्टरचे जंगल कागदावर सुमारे ९२ हेक्टर होते. दुरुस्ती एका ओळीची आहे: अक्षांचा पारंपरिक क्रम हवा, असे जीडालला स्पष्ट सांगायचे. ती ओळ हवी हे कळणे अवघड आहे. जे अपग्रेड बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार होणेच, मोडते ते त्याच दिवशी दुरुस्त होते. जे गुपचूप उत्तर बदलते ते दाव्याच्या फाइलीत जाऊन बसते. म्हणून दुसऱ्या प्रकारालाच अधिक घाबरले पाहिजे.

यावर उपाय म्हणजे अपग्रेडच्या आधी लिहिलेल्या टेस्ट, उत्तर बरोबर येते का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम. ज्याचे ठिकाण पक्के माहीत आहे असा एक बिंदू घ्यायचा आणि जुन्या आवृत्तीने दिलेले उत्तर नोंदवून ठेवायचे. यूटीएम ही जगाचे उभे पट्टे पाडून अंशांऐवजी अंतरात मोजणारी पद्धत आहे. वरील बिंदू तिच्या ४४ क्रमांकाच्या पट्ट्यात उतरवला तर ईस्टिंग (पूर्वेकडचे अंतर) सुमारे ४३० किलोमीटर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचे अंतर) सुमारे २,२४० किलोमीटर येते. अदलाबदल झाली असेल तर ईस्टिंग उणे होते आणि नॉर्दिंग ९,००० किलोमीटरच्या पुढे जाते, त्यामुळे टेस्ट लगेच लाल होते, म्हणजे नापास ठरते. विदर्भासाठी असा एक बिंदू पुरत नाही. दोन पट्ट्यांची सीमा असलेले ७८ अंश पूर्व रेखावृत्त या प्रदेशातून जाते. अमरावती त्याच्या पश्चिमेला ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात, तर यवतमाळ त्याच्या पूर्वेला ४४ च्या पट्ट्यात येते. म्हणून एक बिंदू मेळघाटातला आणि एक गडचिरोलीचा असावा. नकाशावरील नावे मात्र डोळ्यांनीच पाहावी लागतात: अक्षरजुळणी करणारी लायब्ररी बदलली की ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र नीट उमटतो का, हे कोणताही आकडा सांगत नाही.

टेस्ट हाताशी आल्यावर चेंजलॉग, म्हणजे आवृत्तीतील बदलांची यादी, वाचायचा, तोही मधल्या प्रत्येक आवृत्तीचा. एका कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, एकच लायब्ररी बदलायची. चार लायब्रऱ्या एकदम बदलून काही बिघडले, तर दोष कोणाचा हे शोधण्यात दिवस जातो. वेगवेगळे कमिट असतील तर बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची बायसेक्ट ही सोय निम्मे-निम्मे करत दोषी कमिटपर्यंत पोहोचवते. मोठी उडी असेल तर आधी जुन्या मालिकेतील शेवटच्या आवृत्तीवर यायचे, तेथे दिसणारे सगळे इशारे मिटवायचे आणि मगच पुढच्या मालिकेत जायचे. नेमक्या कोणत्या आवृत्त्या बसल्या हे लॉक फाईल नोंदवते. ती रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यात, ठेवली तरच दुसऱ्या गावातील संगणकावर तेच सॉफ्टवेअर उभे राहते.

नवी आवृत्ती ताबडतोब घ्यावी की थांबावे, याचे उत्तर कारणावर ठरते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या जावा भाषेतील लायब्ररीत सापडलेल्या सुरक्षादोषाला तीव्रतेचे १० पैकी १० गुण मिळाले होते. तेथे थांबणे शक्यच नव्हते, आणि पहिली दुरुस्ती अपुरी ठरल्याने त्याच महिन्यात पुन्हा पुन्हा आवृत्ती बदलावी लागली. याउलट २०२४ मध्ये फाईली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांतच चोरवाट घातलेली निघाली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आन्द्रेस फ्रॉइंड यांनी पाठपुरावा केला म्हणून ती मार्चअखेरीस उघड झाली. सुरक्षेची दुरुस्ती लगेच, बाकीचे काही आठवडे पाहून, ही रीत त्यामुळे रास्त ठरते.

वापरणाऱ्याचा संगणकही ध्यानात घ्यावा लागतो. पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका आहे. गावातील संगणकावर अजून विंडोज ७ असेल आणि अपग्रेडला पायथन ३.९ लागत असेल, तर मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, जुन्या शाखेला (वेगळ्या ठेवलेल्या जुन्या कोडला) निदान सुरक्षादुरुस्त्या देत राहाव्यात. ‘नवा संगणक घ्या’ हे उत्तर ग्रामसभेला देता येत नाही. जेथे रेंज कमी आणि वीज बेभरवशाची, तेथे सगळ्या लायब्रऱ्यांच्या फाईली तालुक्याच्या ठिकाणी एका फोल्डरमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर न्याव्यात. पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या पिप या साधनाला नेटऐवजी त्या फोल्डरमधूनच बसवणी करायला सांगता येते.

अपग्रेड मुख्य शाखेत घेतल्यावर जुन्या आवृत्तीचा टॅग, म्हणजे तिच्या कोडवर लावलेली नावाची खूण, कायम ठेवतात. पूर्वी दाखल झालेल्या दाव्याचे क्षेत्रफळ पुन्हा विचारले गेले, तर ते ज्या जीडाल आणि प्रोज आवृत्त्यांवर काढले होते त्यांवरच आधी काढून पाहता यावे, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरदिशेच्या बाणाखाली दोन्ही आवृत्त्यांचे आकडे छापावेत.