भिन्न श्रद्धेचा गुरू : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

वेगळ्या श्रद्धेच्या गुरूकडून शिकावे का, हा वाद फार जुना आहे. इ.स. 362 च्या सुमारास युनेपियस नावाचा सोळा वर्षांचा मुलगा विद्याभ्यासासाठी जहाजाने अथेन्सला पोहोचला, तेव्हा तो तापाने फणफणत होता. ज्यांच्याकडे शिकण्यासाठी तो आला होता, ते वक्तृत्वशास्त्राचे वृद्ध शिक्षक प्रोहेरेसियस ख्रिस्ती म्हणून ओळखले जात. युनेपियस मात्र जुन्या ग्रीक देवतांचा निष्ठावान उपासक आणि ख्रिस्ती मताचा कडवा विरोधक. तरीही पुढे त्याने विद्वानांची चरित्रे लिहिली, तेव्हा या गुरूंविषयीचा त्याचा भक्तिभाव त्यांत कुठेही लपलेला नाही.

त्याच सुमारास, 362 मध्ये, जुन्या देवतांचा उपासक असलेल्या रोमन सम्राट जूलियनने ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक साहित्य शिकवण्यास मनाई केली. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या देवांना खोटे मानणाऱ्याने होमर शिकवणे हा अप्रामाणिकपणा आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. ख्रिस्ती विद्यार्थ्यांना मात्र त्याने शाळा बंद केल्या नाहीत. प्रोहेरेसियस यांचे अध्यापन या आदेशामुळे थांबले. अम्मियानस मार्सेलिनस हा इतिहासकार स्वतः ख्रिस्ती नव्हता आणि जूलियनचा चाहता होता, पण हा आदेश कायमचा विस्मृतीत गाडला जावा, असे त्यानेही लिहून ठेवले. जूलियनचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, असे मला वाटते. शिक्षकाची श्रद्धा आणि त्याचा विषय यांचा संबंध काय, हा प्रश्न त्याने नेमका मांडला, फक्त उत्तर चुकीचे दिले.

बगदादमध्ये हा संबंध व्यवहारातच सैल झाला. मुस्लिम तत्त्वज्ञ अल्-फाराबी (मृत्यू 950) तर्कशास्त्र शिकला तो योहन्ना इब्न हैलान या ख्रिस्ती गुरूकडे, आणि त्याचा नामवंत शिष्य याह्या इब्न अदी हाही ख्रिस्तीच होता. या व्यवहाराला सैद्धांतिक आधार दिला तो बाराव्या शतकात मुस्लिम तत्त्वज्ञ इब्न रुश्दने. कुर्बानीची सुरी विधीच्या अटी पूर्ण करत असेल, तर ती स्वधर्मीयाची आहे की परधर्मीयाची हे पाहिले जात नाही; मग विचार करण्याचे साधन प्राचीन ग्रीकांकडून घेताना ते का पाहावे, असे त्याने विचारले. शरीयतचा न्यायाधीश असलेल्या माणसाने खुद्द धर्मविधीतलाच दाखला द्यावा, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

मात्र या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. तर्क, गणित, वैद्यक ही साधने मानता येतात. पण गुरूची श्रद्धा हाच अभ्यासाचा विषय असेल, तर सुरी आणि तिचा मालक वेगळे कसे करणार? इंग्लंडमध्ये 1871 च्या कायद्याने ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम या विद्यापीठांतील पदव्या व पदांसाठीची धार्मिक अट काढून टाकली, तेव्हाही धर्मशास्त्राच्या पदव्या त्यातून वगळल्या गेल्या.

ही मर्यादा ओलांडणारा माणूस मात्र इब्न रुश्दच्याही आधी होऊन गेला होता. मुस्लिम विद्वान अल्-बिरुनी (973–1048) भारतीय ज्योतिर्विदांपुढे आरंभी आपण शिष्य म्हणून उभे राहिलो, असे स्वतः सांगतो. त्याने संस्कृत ग्रंथ जमवले, पतंजलीचे योगशास्त्र अरबीत नेले, आणि भारतावरील ग्रंथात हिंदूंची मते खोडून काढण्यासाठी नव्हे, तर ती त्यांच्याच शब्दांत मांडण्यासाठी आपण लिहीत आहोत, असे आरंभीच स्पष्ट केले. ती मते त्याने स्वीकारली नाहीत आणि स्वीकारल्याचा आवही आणला नाही. इतकेच नव्हे, तर आपल्या काळातले भारतीय पंडित परक्यांची विद्या मानत नाहीत, अशी तक्रारही त्याने केली, आणि तिच्या पुष्ट्यर्थ सहाव्या शतकातील ज्योतिर्विद वराहमिहिराचे वचन पुढे ठेवले : यवन (ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे (ज्योतिष) शास्त्र त्यांच्यात नीट रुजले आहे, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजले जातात. ज्यांच्याकडे शिकला, त्यांनाच त्याने त्यांच्या पूर्वजाचे बोल ऐकवले होते.