पाडव्याला कोरडे, श्रावणात ओले
जुना फ्लॅट घेणाऱ्या आणि त्यात राहणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक (ठाणे व नवी मुंबई)

पाडवा, अक्षय्य तृतीया असा मुहूर्त गाठून घराचे टोकन द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. दोन्ही मुहूर्त नेमके कोरड्या दिवसांत येतात. भिंती वाळलेल्या असतात आणि मालकाने बहुधा नुकताच रंगही दिलेला असतो. म्हणून जुना फ्लॅट बघायला जाताना भिंतीकडे नंतर बघा. पाणी कुठून येते आणि कुठून जाते, ते आधी बघा.

सुरुवात संडास-बाथरूमच्या छतापासून करा. तिथे फॉल्स सीलिंग असेल तर एक पट्टी काढायला सांगा. मालक कुरकुरला तर जास्तच आग्रह धरा. वरच्या फ्लॅटच्या नहाणी ट्रॅपभोवती (फरशीवरचे पाणी जिथून पाइपात जाते तो भाग) पांढरे क्षार, तपकिरी ओघळ किंवा डांबर थापल्याच्या खुणा दिसल्या, तर गळती जुनी आहे असे समजा.

ही गळती होते कशी? बाथरूमचा स्लॅब खाली दाबून घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरून वर फरशी बसवलेली असते. फरशीच्या सांध्यांतून उतरलेले पाणी त्या भरावात टाकीसारखे साचते आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडते. पीव्हीसी पाइप आणि काँक्रीट एकमेकांना नीट धरत नाहीत, त्यामुळे बहुतेक वेळा ही वाट ट्रॅपच्या कडेलाच सापडते. कधी ओल शेजारच्या बेडरूमच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर उमटते आणि दोष उगाच बाहेरच्या भिंतीला लागतो. सांध्यांत नुसते फिलर भरले तर नवे पाणी थोडे कमी होते, पण भरावात साचलेले पुढे कित्येक दिवस झिरपत राहते. मग लोक म्हणतात, कामच वाया गेले.

फोडाफोडीआधी गळती ओळखा. पावसातच गळत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकी तपासा. आंघोळीनंतर किंवा फ्लश केल्यावरच गळत असेल तर फरशी, ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. कोणी घरात नसतानाही थेंब थांबत नसेल, तर नळाच्या पाण्याची लाइन. खात्री करायची तर ट्रॅप बंद करून फरशीवर 25 मिमी पाणी 24 तास ठेवा आणि खालच्या छतावर लक्ष ठेवा. पाण्यात रंग टाकला तर ओघळ लगेच कळतो. ट्रॅप, फ्लश आणि लाइन यांच्या चाचण्या वेगवेगळ्या दिवशी करा. सगळे एकदम केले तर चोर सापडत नाही.

आता काँक्रीटमधली सळई. पाण्याचे नुकसान दिसते तरी, सळईचे आतल्या आत चालते. ताज्या काँक्रीटचा पीएच (अल्कली किती आहे याचे माप) 12 ते 13 असतो आणि तोवर सळईवर जणू कवच असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, पीएच 9 च्या आसपास येतो आणि ते कवच जाते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत क्षारांचीही त्यात भर पडते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचे काँक्रीट आतून ढकलले जाते. आधी सळईच्या रेषेत बारीक भेग पडते, मग पोपडा सुटतो, मग तुकडा पडतो. छतावर छोट्या हातोडीने हलके ठोका. बद्द, पोकळ आवाज आला तर आत काँक्रीट सुटलेले आहे.

त्यावर नुसते प्लास्टर मारणे म्हणजे पैसे पाण्यात. योग्य कामात सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडतात आणि वायर ब्रशने सळई चकचकीत करतात. जाडी व्हर्निअर या मापकाने मोजतात आणि ती फार घटली असेल तर जोडीला नवी सळई देतात. नंतर गंजरोधक लेप, बाँडिंग कोट (जुने-नवे घट्ट धरणारा लेप) आणि पॉलिमर मोर्टार थराथराने. शेवटी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पाणी मारणे. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण तोवर ठेकेदाराची माणसे दुसऱ्या साइटवर गेलेली असतात.

घर कितीही नीटनेटके असले तरी इमारत कशी आहे ते वेगळे बघावे लागते. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट (बांधकामाच्या मजबुतीची तपासणी) पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. सोसायटीकडे अहवाल मागा. ‘इमारत सुरक्षित आहे’ एवढेच लिहिलेल्या एका पानाचा उपयोग नाही, आकडे बघा. अल्ट्रासोनिक चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात; त्यांचा वेग जितका जास्त तितके काँक्रीट चांगले, सेकंदाला तीन किलोमीटरच्या खाली असेल तर खराब किंवा शंकास्पद. हाफ सेल या सळईच्या विद्युत चाचणीचे वाचन उणे 350 मिलिव्होल्टच्याही खाली गेले असेल तर सळईत गंज असण्याची शक्यता दाट. फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन मारल्यावर काँक्रीट गुलाबी झाले तर अल्कली शाबूत आहे, रंगच आला नाही तर संपलेली. इमारतीचे धोक्यानुसार वर्गीकरण झाले असेल तर तेही विचारा: सी-1 रिकामी करून पाडायची, सी-2ए रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी राहत्या लोकांसह दुरुस्त करायची, सी-3 किरकोळ दुरुस्तीची.

फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची झाडांसाठीची जागा) खोलीत ओढून घेतलेले फ्लॅट आपल्याकडे बरेच दिसतात. तो भाग खोली म्हणून बांधलेला नसतो आणि गळतीला तिथूनच तोंड फुटते. मंजूर नकाशाशी ताडून बघा. भोगवटा प्रमाणपत्र मागा. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर हस्तांतरणाच्या परवानगीचे आधीच विचारा. नव्या घरात रेरा (स्थावर मालमत्ता) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष कळवल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखीच करा.

राहत्या घरात दरवर्षी मृगाआधी गच्चीवरचे पावसाळी पाइप साफ करा. उतार दर मीटरला किमान 10 मिमी हवा आणि पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यातला सिमेंटचा वाटा, म्हणजे गोलाईची पट्टी, अखंड हवी. भिंतीतले पिंपळाचे रोप नुसते कापू नका, मूळ आत राहिले की पुन्हा फुटते. एसीच्या पाइपाचे भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडा. ते आत उतरते असले तर पावसाचे पाणी सरळ बेडरूममध्ये येते. आरसीसीबीचे (विजेची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचे) टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. बटण दाबूनही स्विच पडला नाही तर लगेच बदला.

गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांमुळे होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या संडास-बाथरूमची सदस्याच्या खर्चाने, असे उपविधी सांगतात. वाद असेल तर आधी चाचणी करून घ्या.

तपासणीच्या दिवशी गच्चीची आणि डक्टची (पाइपांच्या उभ्या पोकळीची) किल्ली, ऑडिट अहवाल आणि मागच्या पावसाळ्यातले फोटो असतील तर ते हाताशी ठेवा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची वेळ आधी घेऊन ठेवा, कारण तुमच्या फरशीची खरी अवस्था त्यांच्या छतावरच दिसते.