बुरशीसंसर्गाच्या साथींचा जनुकीय माग

रुग्णांकडून तसेच औषधे, उपकरणे व परिसरातून मिळालेल्या बुरशीच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम वाचून संसर्गाचा उगम व प्रसार शोधण्याची पद्धत. दोन नमुन्यांच्या डीएनएमध्ये किती ठिकाणी अक्षरे (म्हणजे डीएनएचे रासायनिक घटक) वेगळी आहेत, हे तीत मोजतात. फरक मोजकेच असतील, तर दोन्ही नमुने अलीकडे एकाच मुळातून आलेले असण्याची शक्यता मोठी. ते हजारोंनी असतील, तर शेजारच्या खाटांवरील रुग्णांचे संसर्गही एकमेकांकडून आलेले नसतात.

कँडिडा ऑरिस या बुरशीमुळे ही पद्धत विशेष पुढे आली. 2009 मध्ये जपानमधील एका महिलेच्या कानातील नमुन्यावरून तिचे प्रथम वर्णन झाले. पुढे भारत, पाकिस्तान, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला येथील नमुन्यांचे क्रम 2017 मध्ये एकत्र मांडले, तेव्हा प्रदेशागणिक बुरशीच्या वेगळ्या वंशशाखा दिसल्या. शाखांमधील जनुकीय अंतर प्रचंड, पण शाखेच्या आत फरक अगदी थोडे. म्हणजे बुरशी एका देशातून जगभर गेली नव्हती. ती अनेक ठिकाणी जवळपास एकाच काळात रुग्णालयांत डोके वर काढत होती. असे का झाले, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही.

ऑक्सफर्डच्या रुग्णालयांत 2015 ते 2017 या काळात 70 रुग्णांत ही बुरशी आढळली. त्यांतील बहुतेक जण मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात राहून गेलेले होते. खोल्यांच्या पृष्ठभागांवर बुरशी क्वचितच सापडे. काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या तापमापक प्रोबवर मात्र ती मिळाली, आणि जनुकक्रमाने ती रुग्णांमधील बुरशीशी जुळली. नव्या रुग्णांची संख्या हे प्रोब काढून टाकल्यावरच घटली. प्रोबचा संशय मात्र रुग्णांच्या नोंदी चाळूनच आला होता. एकटा जनुकक्रम तिथवर पोहोचला नसता.

2012 मध्ये अमेरिकेत पाठीच्या कण्यात टोचायच्या स्टेरॉइडच्या दूषित कुप्यांमुळे 750 हून अधिक लोक आजारी पडले व 60 हून अधिक दगावले. रुग्णांमधील व कुप्यांमधील एक्सरोहायलम बुरशी जवळजवळ एकसारखी निघाली. उलट, 2011 मध्ये मिझुरी राज्यातील जॉप्लिन येथे टोर्नेडोत (जमिनीवरील भोवऱ्यासारख्या वादळात) जखमी झालेल्या 13 जणांना म्युकरमायकोसिस झाला, तेव्हा बुरशीचे वाण अनेक होते. जखमांत शिरलेली माती व काटक्याच संशयित ठरल्या.

किती फरकांपर्यंत साथ एकच मानावी, याचा सर्व बुरशींना चालणारा आकडा नाही. प्रत्येक जातीचा बदलण्याचा वेग निराळा असतो, शिवाय एकाच रुग्णाच्या अंगावर एकाहून अधिक वाण नांदू शकतात.