हात आधी परततात, टाच मागून

पाऊस सरला की गोव्यात फोंड्यातलं आमच्या घराजवळचं टेनिस कोर्ट पुन्हा सुरू होतं. गेल्या ऑक्टोबरात दादाने माळ्यावरची रॅकेट काढली, गटिंग नव्याने करून घेतलं आणि रविवारी सकाळी कोर्टवर गेला. वय 49. कॉलेज संपल्यावर खेळ सुटला, त्याला 25 वर्षं होऊन गेली होती. पहिले दहाबारा चेंडू जाळीत गेले. मग एक बॅकहँड आला. खांदा आपोआप वळला, डावा हात रॅकेटच्या मानेशी गेला आणि चेंडू समोरच्या कोपऱ्यात रेषेवर पडला. दादा जागच्या जागी थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "अरे, हाताला सगळं आठवतंय!"

तीन आठवड्यांनी तोच दादा सकाळी अंथरुणातून उठून भिंत धरत न्हाणीघरापर्यंत जात होता. टाचेच्या वरची शीर दुप्पट जाड झाली होती. चिमटीत धरली की कळ थेट पोटरीत जायची.

बॅकहँड आणि टाच, दोन्ही एकाच माणसाची. निवृत्त झालेले मोठे खेळाडू परत कोर्टवर उतरतात तेव्हा जिंकणं-हरणं बरंचसं याच दोघांमधल्या अंतरावर ठरतं, असं मला वाटतं.

हातापासून सुरुवात करू. चवथीला आमच्याकडे घुमट, म्हणजे आरतीला वाजवायचं मातीचं वाद्य, निघतं. वर्षभर त्याला कोणी हात लावलेला नसतो, पण आरती सुरू झाली की काकांची बोटं ठेका चुकत नाहीत. श्वास मात्र तिसऱ्या आरतीला लागतो. शेकडो तास गिरवलेली हालचाल मेंदूत, विशेषतः लहान मेंदू आणि त्याला जोडलेल्या जाळ्यांत, इतकी घट्ट बसते की वर्षानुवर्षं न वापरताही ती पुसली जात नाही. सायकल आणि पोहणं विसरत नाही, ते याच कारणाने.

टेनिसमध्ये याला जोड मिळते ती नजरेची. ताशी 200 किलोमीटरची सर्व्हिस कोर्टची 23.77 मीटर लांबी अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करते. त्यातला जवळजवळ पाव सेकंद चेंडू दिसून स्नायूंना आज्ञा पोहोचण्यातच जातो. उरलेल्या वेळात धावून, वळून, फटका मारणं कोणालाही जमणार नाही. म्हणून कसलेला खेळाडू चेंडू सुटण्याआधीच समोरच्याचा खांदा, चेंडू वर फेकण्याची जागा, मनगटाचा कल वाचतो. प्रयोगात सर्व्हिसची चित्रफीत चेंडूला रॅकेट लागण्याच्या क्षणी थांबवली, तरी चेंडू कुठे जाणार हे अनुभवी खेळाडू नवख्यांपेक्षा कितीतरी अचूक सांगतात. ही वाचनाची कला वयाबरोबर सहजासहजी झिजत नाही. उलट ज्याचे पाय मंदावले, त्याची ती खरी मदतनीस ठरते.

जपानची किमिको दाते हे याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण. 1996 मध्ये, अगदी भरात असताना तिने खेळ सोडला. 2008 मध्ये, 37व्या वर्षी ती परतली आणि 2009 मध्ये सोलची स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी तिला 39वं वर्ष पूर्ण होणार होतं. तिची पद्धत बघण्यासारखी होती. टप्पा पडल्यावर चेंडू वर चढत असतानाच ती तो सपाट मारायची. त्यामुळे पळापळ समोरच्याच्या वाट्याला जायची. मधल्या 12 वर्षांत तिने व्यायामही सोडला नव्हता; 2004 मध्ये ती लंडन मॅरेथॉन धावली होती. हे महत्त्वाचं आहे, कारण दम हा हातासारखा निष्ठावान नाही. सराव थांबला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होऊ लागतो आणि हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त पुढे जातं. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकाला साधारण 10 टक्क्यांनी घटते. जे व्यायाम चालू ठेवतात, त्यांच्यात ही घट बरीच कमी असते.

आता स्नायू. इथली गोष्ट थोडी चमत्काराची आहे. बाकीच्या बहुतेक पेशींत एकच केंद्रक असतं, स्नायूच्या एका लांब तंतूत मात्र शेकडो असतात. व्यायामाने तंतू जाड होताना शेजारच्या राखीव पेशी त्यात मिसळतात आणि केंद्रकांची संख्या वाढते. ऑस्लोच्या क्रिस्टियान गुंडरसन यांच्या गटाने 2010 मध्ये उंदरांवर दाखवलं की पुढे स्नायू वाळला तरी ही वाढीव केंद्रकं महिनोन्‌महिने टिकून राहतात. घर रिकामं झालं तरी गवंडी अंगणातच मुक्काम ठोकून असावेत तसं. काम पुन्हा निघालं की बांधकाम भराभर उभं राहतं. माणसात हे नेमकं असंच घडतं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण एकदा कमावलेला स्नायू दुसऱ्यांदा लवकर परततो, हा व्यायामशाळेतल्या कोणाचाही अनुभव आहे.

याच गटाने पुढे उंदरांना 14 दिवस स्टेरॉइड देऊन पाहिलं. औषध थांबवल्यावर स्नायू पूर्वीच्या मापाला आले, पण 3 महिन्यांनीही केंद्रकं वाढलेलीच होती आणि ताण देताच तो स्नायू इतर उंदरांपेक्षा फार झपाट्याने फुगला. निवृत्त खेळाडूला परतायचं असेल तर 6 महिने आधी लेखी कळवून उत्तेजक चाचणीसाठी उपलब्ध राहावं लागतं, असा नियम आहे. काहींना तो जाचक वाटतो. मला तो अगदी रास्त वाटतो. निवृत्तीच्या आडोशाने घेतलेल्या औषधाचा फायदा खूप काळ अंगात राहू शकतो. शिवाय ते 6 महिने खेळाडूच्या टाचेलाही हवेच असतात.

पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या जाड दोरीला कंडरा म्हणतात. बोलताना आपण शीर म्हणून मोकळे होतो. तिच्याबद्दलचा एक शोध मला कायम थक्क करतो. 1950 आणि 60च्या दशकांतल्या उघड्यावरच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन एकदम वाढला आणि मग हळूहळू उतरत गेला. वनस्पतींतून, अन्नातून तो त्या त्या वर्षाची खूण म्हणून माणसांच्या अंगात गेला. 2013 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी मृत व्यक्तींच्या टाचेच्या कंडरेतला हा कार्बन मोजला. गाभ्यातला कार्बन त्या व्यक्तीच्या पहिल्या सुमारे 17 वर्षांतल्या हवेशी जुळत होता. म्हणजे वाढ थांबली की कंडरेचा गाभा जवळजवळ नव्याने बनतच नाही. स्नायू मात्र स्वतःला बदलत राहतो.

दादाचं नेमकं इथेच चुकलं. त्याची पोटरी दोन-तीन आठवड्यांत ताकद धरू लागली, हाताला तर सगळं आठवतच होतं, त्यामुळे तो पंचविशीच्या जोमाने चेंडूवर झेपावला. तो सगळा ताण पडला शाळेच्या वयात विणलेल्या दोरीवर. स्नायूला आठवडे पुरतात, कंडरेला महिने लागतात.

स्वीडनचा विख्यात टेनिसपटू ब्यॉन बोर्ग याची गोष्ट आठवली की आजही वाईट वाटतं. 1983 मध्ये, 26व्या वर्षी तो निवृत्त झाला. 1991 मध्ये 34व्या वर्षी तो माँटे कार्लोला आला, तेही जुनी लाकडी रॅकेट घेऊन, आणि जॉर्डी आरेसेकडून 6-2, 6-3 असा हरला. 1993 पर्यंत मुख्य दौऱ्यावर तो 12 सामने खेळला आणि बाराही हरला. त्याचे हात काही विसरले नव्हते. पण ग्रॅफाइटच्या मोठ्या रॅकेटींनी मधल्या काळात चेंडूचा वेगच बदलून टाकला होता. हातांना पाठ होतं ते जुन्या चेंडूचं उत्तर. बेल्जियमची किम क्लायस्टर्स मात्र 2007 मध्ये खेळ सोडून, एका मुलीची आई होऊन 2009 मध्ये परतली आणि मानांकन नसताना अमेरिकन ओपन जिंकली. तेव्हा तिचं वय होतं 26, ज्या वयात बोर्ग थांबला होता. खंड जेमतेम सव्वादोन वर्षांचा, आणि खेळ तोच.

बाकीच्या अनेकांनी शहाणपणाने दुहेरीची वाट धरली. एकेरीत 8.23 मीटर रुंदी एकट्याने सांभाळायची असते, दुहेरीत 10.97 मीटर दोघांत वाटून येतात आणि चेंडूच्या फेऱ्याही लहान असतात. नजर आणि हात तेच, टाचेवरचा भार कितीतरी कमी. मार्टिना नवरातिलोवा 1994 मध्ये एकेरीतून थांबली, 2000 मध्ये दुहेरीसाठी परतली आणि 2003 मध्ये लिअँडर पेसच्या जोडीने ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डनची मिश्र दुहेरी जिंकली. लिअँडरचे वडील वेस पेस हे गोव्यात जन्मलेले, 1972च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणारे आणि पुढे क्रीडावैद्यक डॉक्टर झालेले, त्यामुळे ही जोडी आम्हाला घरचीच वाटायची. मार्टिनाने अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकली 2006 मध्ये, पन्नाशीला महिनाभर बाकी असताना. मार्टिना हिंगिसही 2013 मध्ये दुहेरीतूनच परतली. सानियाबरोबरची तिची सलग 41 विजयांची मालिका आपल्यापैकी कित्येकांनी रात्री जागून पाहिली आहे.

एकेरीत टिकणारी व्हीनस विल्यम्स म्हणूनच विरळा. 16 महिन्यांच्या खंडानंतर जुलै 2025 मध्ये वॉशिंग्टनला, 45व्या वर्षी, तिने पेटन स्टर्न्सला 6-3, 6-4 असं हरवलं. त्या सामन्याच्या चित्रफिती मी दादाला दाखवल्या. तो तिच्या फटक्यांकडे बघतच नव्हता. "पाय बघ तिचे," म्हणाला, "एकही पाऊल फुकट टाकत नाही."

दादाच्या फिजिओथेरपिस्टने त्याला स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी रुळवलेला व्यायाम दिला आहे. पायरीच्या कडेवर चवडा टेकायचा, चांगल्या पायाने वर यायचं आणि दुखऱ्या पायाने टाच अगदी सावकाश खाली सोडायची. 15 वेळा, असे 3 फेरे. आधी गुडघा सरळ ठेवून, मग वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी. दिवसाला 180 वेळा, 12 आठवडे. तुळशीसमोरच्या चिऱ्याच्या पायरीची कड आता एका जागी गुळगुळीत झाली आहे. सातवा आठवडा चालू आहे. वहिनी दिवा लावायला येते तेव्हा तो खांब धरून मोजत असतो, आणि ती आकडा चुकू नये म्हणून न बोलता बाजूने जाते.